चालू रुळाकडे पाठ

रियाधच्या पूर्वेला लाल वाळूचा एक लांब पट्टा आहे. तिथून जाणाऱ्या रेल्वेमार्गाच्या देखभालीचं काम आमच्या कंपनीकडे होतं. मी तिथे सेफ्टी ऑफिसर होतो आणि माझे सख्खे मामू लुकआउट होते.

लुकआउट म्हणजे रुळावर काम करणाऱ्या टोळीच्या बाजूला उभं राहून गाडीची चाहूल घेणारा माणूस. त्याने हत्याराला हात लावायचा नाही, कुणाला पाणी द्यायचं नाही, मोबाइल खिशातसुद्धा ठेवायचा नाही. गाडी येतेय असं कळलं की भोंगा वाजवायचा आणि शेवटचा माणूस रुळापासून लांब जाईपर्यंत नजर हलवायची नाही. लांबून बघणाऱ्याला वाटतं, हा काहीच करत नाही. पण त्याच्याकडे पाठ करून वाकलेली माणसं त्याच्या भरवशावर वाकलेली असतात.

मला सौदीत आणलं ते मामूंनीच. दापोलीकडच्या आमच्या खाडीकाठच्या गावात मी सेफ्टीचा कोर्स करून बसलो होतो. मामूंनी कंपनीत शब्द टाकला, व्हिसा आला. विमानतळावर घ्यायला तेच आले होते, आणि पहिला इकामा, म्हणजे तिथला राहण्याचा परवाना, हातात पडेपर्यंत मी त्यांच्याच खोलीत राहिलो. पुढे मी हुद्द्याने त्यांच्या वर गेलो. साइटवर चार माणसांत ते मला ‘साब’ म्हणायचे आणि हिंदीत बोलायचे. खोलीवर आलो की पुन्हा ‘बाला’ आणि पुन्हा आमची कोकणी. ही अदलाबदल त्यांना फार सहज जमायची, मला कधीच जमली नाही.

त्या दिवशी सकाळपासून वारा होता. ज्या मार्गावर टोळी काम करत होती तो ब्लॉक घेऊन बंद केलेला होता. वाळूखाली दबलेली खडी उकरून पुन्हा ठोकायचं काम चाललं होतं. शेजारचा मार्ग मात्र चालू होता, आणि त्या ठिकाणी दोन्ही मार्ग इतके जवळ होते की मशीन घेऊन मागे सरकणारा माणूस नकळत चालू मार्गापर्यंत पोचला असता. म्हणून तिथे मामू उभे होते. पुढे वाळूच्या टेकाडाआड रूळ वळत होता, त्यामुळे वळणापलीकडे आणखी एक लुकआउट ठेवला होता. त्याला गाडी दिसली की तो झेंडा दाखवून भोंगा वाजवणार, ते बघून किंवा ऐकून मामू आपला भोंगा वाजवणार, आणि टोळी बाजूला होणार. लांबच्या माणसाचा झेंडा धुळीमुळे दिसेनासा झाला तर काम तिथेच थांबवायचं, असा स्पष्ट नियम आहे.

मी पिकअप घेऊन पोचलो तेव्हा झेंडा दिसत नव्हता. झेंडाच काय, टेकाडही दिसत नव्हतं. समोर नुसता विटकरी पडदा होता.

मी साइट इन्चार्जकडे गेलो. इजिप्तचा इंजिनिअर, माणूस वाईट नव्हता, पण ब्लॉकची वेळ संपत आली की त्याचा चेहरा बदलायचा.

“काम थांबवा,” मी म्हणालो. “पलीकडचा माणूस दिसत नाहीये.”

“दिसत नाही, पण भोंगा आहे ना? थोडंच राहिलंय. यल्ला, यल्ला, संपवू दे त्यांना.”

“नियम झेंड्याचा आहे.”

“मला नियम माहीत आहेत.”

आमची बाचाबाची चालू असतानाच मला भोंगा ऐकू आला. वाऱ्याने फाडलेला, बारीक, पण भोंगाच. इंजिनिअर बोलता बोलता थांबला, म्हणजे त्यालाही ऐकू आला होता. आम्ही दोघांनी मामूंकडे बघितलं. ते आमच्यापेक्षा त्या आवाजाच्या जवळ होते.

मामू स्थिर उभे होते. धुळीकडे डोळे बारीक करून बघत होते. हातातला भोंगा छातीशी धरलेला होता. मला वाटलं, आता तो वर जाईल. तो गेला नाही.

मी धावलो. धावताना काय ओरडत होतो ते नीट आठवत नाही. हिंदी होतं, मराठीही असावं. फावडेवाले माझा अवतार बघून बाजूला पळाले. पण खडी ठोकायच्या मशीनवरच्या माणसाच्या कानांवर कर्कश आवाजापासून वाचवणारे जाड मफ होते. ते आम्हीच त्याला घालायला लावले होते. त्याला मी ऐकू जाणं शक्य नव्हतं. चालू रुळाकडे पाठ करून तो एकेक पाऊल मागे येत होता. मी त्याच्या नारिंगी जॅकेटचा पट्टा धरला आणि सगळ्या अंगानिशी ओढला. आम्ही दोघे मशीनसकट बंद मार्गावर पडलो.

त्याच वेळी मामूंचा भोंगा वाजला. त्यांना गाडी दिसली होती.

धुळीतून आधी दिवे आले, मग इंजिनाची शिटी, मग वारा आणि खडे. डबे डोक्याजवळून हवा कापत गेले. त्यानंतर बराच वेळ फक्त आडवं पडलेलं मशीन धडधडत होतं, कुणाला ते बंद करायचं सुचत नव्हतं. तो माणूस उठून बसला. बिहारचा होता, गप्प स्वभावाचा. त्याने कानांवरचे मफ काढले, मांडीवर ठेवले आणि त्यांच्याकडे बघत राहिला. त्याच्या कोपराला खरचटलं होतं, बाकी काही नाही.

मामू धावत आले. “झेंडा दिसला नाय,” ते मला कोकणीतच म्हणाले. साइटवर पहिल्यांदाच. “धुलीत झेंडा दिसला नाय रं.”

“पण भोंगा, मामू? त्याने भोंगा वाजवला.”

ते माझ्याकडे बघत होते. माझ्या डोळ्यांकडे नव्हे, ओठांकडे. “कसला भोंगा?” ते म्हणाले.

काम अर्थातच थांबलं. कंट्रोल रूमचा फोन आला. इंजिन चालवणाऱ्याने कळवलं होतं की रुळालगत माणसं दिसली. इंजिनिअरने पाण्याची बाटली तोंडाला लावली, उरलेलं पाणी डोक्यावर ओतलं आणि मला बाजूला घेतलं.

“अल्हमदुलिल्लाह, कुणाला काही झालं नाही. रिपोर्ट तुला लिहायचाय. काय लिहिणार?”

“जे झालं ते.”

“धूळ होती. मी काम चालू ठेवलं, ती चूक माझी. ते लिही, मी सही करतो. त्याच्यापुढे जाऊ नकोस. तो तुझा मामा आहे.”

अवघड हेच होतं. मला खोटं लिहायला कुणी सांगतच नव्हतं. धूळ खरी होती, त्याची चूकही खरी होती. एवढ्यावर रिपोर्ट पूर्ण झाला असता आणि त्यातलं एक वाक्यही कुणाला खोडून काढता आलं नसतं.

आमची राहायची जागा रियाधच्या अल सुलै भागात, कंपनीच्या यार्डामागे होती. पुढे गोदामं, मागे पत्र्याच्या खोल्या. संध्याकाळची मगरिबची नमाज झाल्यावर मी मामूंच्या खोलीवर गेलो. दार उघडं होतं. ते दाराकडे पाठ करून कांदा चिरत होते. दुपारचं काही झालंच नाही असा त्यांचा सुरीचा हात चालला होता.

मी उंबऱ्यात थांबलो आणि नेहमीच्या आवाजात म्हणालो, “मामू, मामीचा फोन आलाय.”

सुरी चालत राहिली.

मी एक पाऊल आत गेलो. “मामू, मामीची तब्येत बिघडलीय.”

त्यांनी चटकन वळावं, मला शिवी द्यावी, ‘असली मस्करी करतात काय’ म्हणावं, असं मला इतकं वाटत होतं की मी जवळजवळ दुआ करत होतो. त्यांनी चिरलेला कांदा टोपात टाकला आणि दुसरा उचलला.

मग माझी सावली ओट्यावर पडली असावी. ते वळले. माझा चेहरा बघितला आणि सुरी खाली ठेवली.

“कवाधरना उभा हायस?”

ते खाटेवर बसले. पंख्याचा आवाज होत होता, तो त्यांना येत होता की नाही कोण जाणे.

“डावा पयल्यापासनाच कमी होता,” ते म्हणाले. “उजवा हल्ली गेला. समोर बसून बोललास तर समजता मना. पाठीमागना नाय.”

“पण दरवर्षी मेडिकल होते तुमची. कानाची तपासणी असते. पास कसे झालात?”

ते किंचित हसले. त्या हसण्यात फुशारकी नव्हती. “त्या खोक्यात बसवतात ना, काचेच्या. कानाला लावतात, आवाज आला का बोट वर करायचा. नर्स बाहेर बसून बटन दाबते. काचेत तिचा हात दिसतो. हात हलला का मी बोट वर करतो.”

मी डोकं धरून बसलो.

तरुणपणी याच देशात त्यांनी दगड फोडायच्या मशीनवर वर्षं काढली होती. तेव्हा कानाला लावायला त्यांना कुणी काही दिलं नव्हतं, आणि कुणी दिलं असतं तर बाकीचे हसले असते. हे त्यांनी तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. खाडीला भरती आली होती असं सांगावं तसं सांगितलं.

“गाडी मना पायांत समजते,” ते म्हणाले. “रूळ सांगतो पायाला. आजपर्यंत एकदा तरी चुकलो काय?”

“वाळूत नाही सांगत, मामू. आज नाही सांगितलं.”

मग पुढे वाकून त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. “तू लिवणार?”

“लिहिणार.”

“आयक. उद्यापासना मी लाइनवर जात नाय. कंबर दुखते म्हणून सांगतो. थोड्या दिवसांनी आपणच खुरूज लावून कायमचा गावाला जातो. कोणाला काय समजायचा नाय. तुना पण बोल नाय, मना पण नाय. एवढा कर माझ्यासाठी.”

त्यांच्या जागी मी असतो तर हेच मागितलं असतं. मी खोलीतून बाहेर पडलो आणि यार्डात लावलेल्या ट्रकांमधून फेऱ्या मारत राहिलो. मामू रुळावरून कायमचे उठणार होते, म्हणजे धोका टळलाच होता. मग लिहून काय मिळणार? पण डोक्यातून ती काच जाईना. आमच्याकडे मामूंसारखे आणखी लुकआउट होते, मामूंच्याच वयाचे, तसल्याच मशीनींवर कान घालवून आलेले. ते सगळे त्याच खोक्यात, त्याच काचेसमोर बसत होते. काचेत बघायची युक्ती एकट्या मामूंनाच सुचली असेल, हे मी स्वतःला पटवू शकलो नाही.

मी रिपोर्ट लिहिला. धूळ लिहिली, इंजिनिअरने काम चालू ठेवलं ते लिहिलं, दूरचा भोंगा मला ऐकू आला आणि जवळच्या लुकआउटला आला नाही तेही लिहिलं, आणि त्याची श्रवणचाचणी पुन्हा घ्यावी असं लिहिलं. काच मात्र लिहिली नाही. ती मला तोंडाने सांगायची होती, योग्य माणसाला.

रुळावर जायचं कार्ड संशयापोटीही ताबडतोब काढून घ्यायचं असतं, आणि ते सेफ्टी ऑफिसरनेच घ्यायचं असतं. सकाळी बसमध्ये चढणाऱ्या माणसांच्या रांगेत मी मामूंसमोर हात पुढे केला. त्यांनी गळ्यातलं कार्ड काढलं, दोरी नीट गुंडाळली आणि माझ्या हातावर ठेवलं.

“ये लो, साब,” ते म्हणाले. बस गेली आणि आम्ही दोघे यार्डात उरलो.

क्लिनिकला मीच त्यांना घेऊन गेलो. गाडीत ते खिडकीबाहेर बघत होते. तिथली डॉक्टर नागपूरची निघाली. मराठी आडनाव बघून मला धीर आला, आणि मामू बाहेर बसलेले असताना मी तिला काचेचं सांगितलं. तिचा आधी विश्वास बसेना. मग ती उठली, चाचणीच्या खोक्यात स्वतः जाऊन बसली आणि नर्सला बाहेरून बटणं दाबायला लावली. बाहेर आली तेव्हा तिचे गाल लाल झाले होते.

“हे माझ्या आधीपासून असंच आहे,” ती म्हणाली. “पण मी इथे आल्यापासूनचं तरी माझंच ना.”

तिने खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड केलं आणि मामूंना बसवलं. मी बाहेरच्या बाकावरून बघत होतो. मामूंचा हात मांडीवर होता, बोट वर करायच्या तयारीत. नर्स बटणं दाबत राहिली, डॉक्टर आकडा वाढवत राहिली आणि ते बोट तसंच पडून राहिलं. एकदा ते उचललं गेलं, तेव्हा आवाज झालेला नव्हता. अंदाज बांधून उचललं होतं. मी मान फिरवली.

नंतर तिने मामूंना समोर बसवलं आणि हळू, ओठ स्पष्ट हलवत विचारलं, “काका, तुम्हाला घरी परत पाठवतील याची भीती वाटत होती का?”

“व्हय,” मामू म्हणाले. एवढंच.

तिने दोन गोष्टी केल्या. मामूंचे कान वर्षानुवर्षांच्या मशीनच्या आवाजाने गेले, म्हणजे हे कामातून झालेलं नुकसान आहे, असं तिने स्पष्ट लिहून दिलं. आणि आमच्या सगळ्या लुकआउटना पुन्हा चाचणीला बोलावलं, खुर्ची भिंतीकडे वळवून. त्यात आणखी काहीजण नापास झाले. त्यांचीही कार्डं मलाच घ्यावी लागली.

त्यानंतर कॅम्पमध्ये मी मेसमध्ये शिरलो की बोलणी थांबायची. एक-दोघांनी मागून ‘मुखबीर’ म्हटलेलं मी ऐकलं. माझे कान शाबूत होते. गावाहून अम्माचा फोन आला. बातमी माझ्या आधी तिथे पोचली होती.

“ज्यानं तुना नेला, त्याला तू उठवलास?” ती म्हणाली.

“अम्मा, एक माणूस मेला असता.”

“मेला काय?”

“नाही.”

“मग?” ती म्हणाली आणि रडायला लागली.

डॉक्टरच्या त्या कागदामुळे कंपनीला मामूंना लगेच काढता आलं नाही. कामातून अपंगत्व आलं असेल तर आधी दुसरं झेपणारं काम बघायचं, असं करारात होतं, आणि मी ते कलम घेऊन ऑफिसात इतक्या वेळा गेलो की तिथला सौदी मॅनेजर मला बघूनच ‘खलास, खलास’ म्हणायला लागला. शेवटी त्यांना यार्डातल्या हत्यारांच्या स्टोअरमध्ये ठेवलं. इंजिनिअरची दुसऱ्या साइटवर बदली झाली. जाताना त्याने मला मिठी मारली, ते का हे मला अजून नीट कळलेलं नाही.

मामू स्टोअरमधून सामान द्यायचे, सही घ्यायचे. माझ्याशी कामापुरतं, हिंदीत. खोलीवर गेलो तर चहा देत, पण ‘बाला’ म्हणत नसत. करार संपत आला तेव्हा त्यांनी तो वाढवला नाही. कुणी सांगितलं नव्हतं, आपणच ठरवलं.

जायच्या आदल्या दिवशी दुपारी त्यांनी मला स्टोअरमध्ये बोलावलं. समोर तो बिहारचा माणूस उभा होता, मशीनचा. मामूंनीच त्याला निरोप धाडून आणला होता. इतके दिवस दोघे एकाच आवारात होते, पण मामू त्याच्यासमोर जात नव्हते हे मी बघितलं होतं.

मामूंनी त्याचे दोन्ही हात धरले. “भाई, उस दिन मेरे को सुनाई नहीं दिया था,” ते म्हणाले. ऐकू न येणाऱ्या माणसाचा आवाज मोठा असतो. बाहेरचे लोक वळून बघायला लागले. मामूंनी आवाज कमी केला नाही. “मेरे को मालूम था कि सुनाई नहीं देता. फिर भी मैं खड़ा रहा. माफ करना.”

तो माणूस खाली बघून काहीतरी पुटपुटला. मामूंनी त्याच्या ओठांकडे बघायचा प्रयत्न केला, पण त्याची मान खाली होती. मग ते माझ्याकडे वळले. “काय बोलला, बाला?”

मी मामूंच्या समोर जाऊन उभा राहिलो आणि एकेक शब्द सुटा करून सांगितलं, “तो म्हणतो, माफी कसली. पण त्या दिवसापासून तो कानांना मफ लावत नाही. मशीन चालवताना नुसते गळ्यात ठेवतो. भीती वाटते म्हणतो, मागून गाडी येईल.”

हे मलाही तेव्हाच कळत होतं. त्याच्या टोळीवर मी कितीदा तरी गेलो होतो. माझी पिकअप दिसली की तो मफ कानांवर चढवत असणार.

मामूंचा चेहरा कसनुसा झाला. त्यांनी त्याला हाताला धरून मांडणीपाशी नेलं, नवे मफ काढले आणि स्वतःच्या हाताने त्याच्या कानांवर बसवले. मग ते पुन्हा उचलून, अगदी जवळ जाऊन म्हणाले, “लगा. रोज लगा. मेरे को देख.”

“और गाड़ी?” त्याने विचारलं. हे मामूंना ओठांवरून समजलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना विमानतळावर सोडलं. तिथून थेट साइटवर गेलो आणि तेव्हापासून आमच्याकडे मफ घालून मशीन चालवणाऱ्या प्रत्येकाजवळ एक माणूस उभा असतो. भोंगा वाजला की त्याच्या खांद्यावर हात ठेवायचा, एवढंच त्याचं काम. हा नियम आधी कुठे लिहिलेला नव्हता. बरेच दिवस कंपनीची कुरकुर होती, एक माणूस फुकट उभा राहतो म्हणून. बिहारचा तो माणूस मफ घालतो. अजूनही मधूनच मान वळवून मागे बघतो, पण घालतो.